आईला तहान लागली की लाईट जायची

ये, अशी जवळ सरक. कागदावरून का होईना, पण सरक. मी ओरडणार नाही, थोडंसं बोलणार आहे, आणि ते तू ऐकून घ्यायचं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, तू नाशकात कामावरसुद्धा जायला लागलीस, आणि मग मला फोन. "आई, एक छोटंसं झालं होतं, तुला उगाच काळजी नको म्हणून सांगितलं नाही. आता सगळं ठीक आहे." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तू जावईबापूंना म्हणाली असशील, आईनं शांतपणे घेतलं. शांतपणे कसलं घेते. भरितासाठी भाजायला ठेवलेलं वांगं गॅसवर कोळसा झालं, तेव्हा मी भानावर आले.

तुझं ते 'सगळं ठीक आहे' मी आधी ऐकलेलं आहे, म्हणून सांगते. आमच्याकडे त्याला 'बठ्ठं बरं शे' म्हणायचे. ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्या मामाविषयी तुझं मन खराब होईल असं वाटायचं. बघ, मीही लपवतेच की. पण आता सांगून टाकते.

तू पोटात होतीस तेव्हाचं हे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागताच मला धुळ्याहून जळगावला आणलं. माझा भाऊ, म्हणजे तुझा मामा, तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता आणि पिंप्राळ्यात दोन खोल्यांच्या घरात राहायचा. पुढं ओटा, ओट्यावर पाण्याचा माठ, आणि माठाच्या वर भिंतीला मीटर आणि फ्यूजचा लाकडी बोर्ड. हा माठ आणि हा बोर्ड तेवढा ध्यानात ठेव. घरात भाऊ, वहिनी आणि आई. वडील गेल्यापासून आई त्यांच्याकडेच असायची.

त्याच वर्षी भावानं टीव्ही घेतला होता. काळा-पांढरा, पुढं सरकतं शटर, वर वहिनीनं विणलेला रुमाल. आणि त्याच वर्षी रविवारी सकाळी ती दवाखान्याची मालिका सुरू झाली. तेरा भाग होते. पुढं तिचे आणखी भाग आले म्हणतात, पण आमच्यासाठी ती तेराचीच. आम्ही त्याआधी देवादिकांचं पाहिलेलं, नाचगाणी पाहिलेली, पण दवाखाना आतून कुणी दाखवला नव्हता. मोठे डॉक्टर होते, कुणाशी हसायचे नाहीत. एक नवी डॉक्टरीण होती, ती प्रत्येक पेशंटजवळ जास्त वेळ बसायची आणि बोलणी खायची. आणि एक सिस्टर होती, तिचा आवाज आला की आमची वहिनी पदर नीट करायची.

सगळं हिंदीत. आईला हिंदी कळायची, पण दवाखान्याची हिंदी नाही कळायची. मग मी बाजेवर पाय पसरून बसायची, आई खाली भिंतीला टेकून, आणि मी तिला एकेक वाक्य अहिराणीत सांगायची. आई मध्येच विचारायची, "हाऊ डाक्टर लगीन करेल शे का?" मी म्हणायची, "आई, तो ऑपरेशन करतोय, लग्नाचं काय विचारतेस." ती म्हणायची, "घरनं तोंड दिखस नही त्याले, म्हनीसन चिडी राह्यना." भाऊ हसून हसून लोळायचा.

तिसऱ्या भागात एक बाई आली. खेड्यातली, रुंद काठाचं लुगडं, मांडीवर दीड-दोन वर्षांची मुलगी. बाकावर नंबरची वाट बघत बसली होती. नव्या डॉक्टरणीनं तिला पडद्याआड नेलं आणि बाहेर आली तेव्हा डॉक्टरणीचं तोंड उतरलेलं. तिथंच तो भाग संपला. आईनं विचारलं, "हिले काय व्हयनं व?" मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगतील." भावानं उठून शटर ओढलं.

पुढच्या रविवारी ती बाई खाटेवर दिसली, आणि आई म्हणाली, "भाऊ, पानी दे रे." भाऊ उठून ओट्यावर माठाकडे गेला, आणि लाईट गेली. पंखा थांबला, टीव्हीचा ठिपका बारीक होत विझला. चैत्र-वैशाखातलं जळगाव तुला माहीत आहे, पंखा थांबला की भिंती अंगावर येतात. आईनं तिचा तांब्याभर पाणी पिण्याचा कार्यक्रम उरकला आणि सुपानं मला वारा घालायला लागली. दहा-पंधरा मिनिटांनी लाईट आली, तोवर मोठे डॉक्टर दुसऱ्याच पेशंटवर ओरडत होते.

आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालूच होता. मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, "अरे, त्यांची लाईट आहे की." भाऊ म्हणाला, "त्यांचा फेज वेगळा. आपला फेज गेला." हे आमच्या गावात कुणालाही पटायचं. समोरच्या ओळीत दिवे आणि आमच्या ओळीत अंधार, हे आठवड्यातून दोनदा व्हायचंच. मी म्हटलं, "मग मी तिकडं जाऊन बघते." तर आई म्हणाली, "त्यास्नी पायरी कितली उच्ची शे. पोट सांभाळ."

असं पाच-सहा रविवार चाललं. आईला तहान लागायची आणि लाईट जायची. मीच चेष्टा करायला लागले. आईनं घसा खाकरला की मी म्हणायची, "वहिनी, पंखा बंद होणार बघा." वहिनी हसायची नाही. मला वाटायचं, उन्हाळ्यानं चिडचिडी झालीय. आणखी एक गंमत म्हणजे, नंतर नंतर शेजाऱ्यांचा टीव्हीही नेमका त्याच वेळी हळू व्हायचा. तेही मला फेजचंच काहीतरी वाटलं. इतकी मी शहाणी.

त्या बाईचं काय झालं ही मला रुखरुख लागून राहिलेली. म्हणून वहिनी एकदा सांगत आली, "ताई, शेजारणीनं पाहिलं. ती बाई बरी झाली. तिच्या नवऱ्यानं सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. त्या चिडक्या सिस्टरनंसुद्धा खाल्ला." मी आईला मोठ्यानं सांगितलं, "आई, ऐकलं का, बरी झाली ती." आई म्हणाली, "बठ्ठं बरं शे मंग," आणि हातातला लसूण सोलत राहिली.

मग दहाव्या भागाच्या आठवड्यात तू झालीस. शेवटचे तीन भाग मी तुला पदराखाली घेऊन बाजेवरून पाहिले. आई तुला न्हाऊ घालायची, शेक द्यायची, माझे पाय दाबायची. तुला ती कायम उजव्या खांद्यावर घ्यायची. मी डाव्या बाजूनं दिलं तरी ती वळून उजवीकडे घ्यायची. मी म्हटलंसुद्धा, "पोरीची मान एकाच बाजूला वळायची सवय होईल गं." ती म्हणाली, "मन्ही सवय शे."

आता मी जे सांगते ते लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. तिच्या हातात जोर नसायचा. पाय दाबताना मध्येच थांबायची, भिंतीकडे बघत बसायची. एक दिवस शेजारीण बसलेली असताना मी म्हटलं, "आई, राहू दे. उगाच लोणी लावल्यासारखं करतेस. गल्लीच्या टोकाची ती तेल लावणारी बाई बोलव, तिच्या हातात तरी दम आहे." शेजारीण एकदम उठून गेली. वहिनी चुलीकडे तोंड करून बसली. आई म्हणाली, "बलावस ना, उद्यापासून," आणि खरंच बोलावली. त्या दिवसापासून आईनं माझ्या पायाला हात लावला नाही.

सव्वा महिना झाला. मला पोळ्यापर्यंत राहायचं होतं, तर आईनं परस्पर तुझ्या बाबांना निरोप धाडून बोलावून घेतलं. माझी पिशवी तिनंच भरली. डिंकाचे लाडू, तुझी झबली, काजळाची डबी. हिला आता मी जड झाले, असं माझ्या मनात. स्टँडवर भाऊ सोडायला आला, आई ओट्यावरच उभी राहिली, आणि मी रिक्षातून मागं वळून बघितलंही नाही. मुद्दाम.

तीन आठवड्यांनी निरोप आला, आईची तब्येत जरा बिघडली आहे, येऊन जा. त्या 'जरा'चा अर्थ मला पारोळ्याच्या पुढं बस गेल्यावर कळला. घरी पोचले तेव्हा ओट्यावर माणसं बसलेली होती. भावानं सांगितलं, हृदय बंद पडलं, झोपेतच गेली, काही कळलं नाही. मी ते धरून बसले. सात वर्षं मी लोकांना सांगत होते, माझी आई हृदयानं गेली.

मग तू दुसरीत असताना ती मालिका पुन्हा लागली. दुपारच्या वेळी, पहिल्या भागापासून. आपल्या धुळ्याच्या घरी तोवर रंगीत टीव्ही आलेला. तू शाळेत, बाबा कामावर, घरात मी आणि तुझी धुळ्याची आजी, माझ्या सासूबाई. मी त्यांना म्हटलं, बसा हो, ही फार चांगली आहे, मी पोरीच्या वेळी पाहिलेली. त्यांच्यापुढं तांदळाचं ताट, आणि मी आईला सांगायची तसंच त्यांना सांगत बसले. पुढचं आधीच सांगून टाकायची. आता हे डॉक्टर ओरडणार, आता ती रडणार. सासूबाई म्हणायच्या, "तुले बठ्ठं पाठ शे व." मला त्यात मोठेपणा वाटत होता. आणि खरं सांगू, आईजवळ बसल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या भागात ती बाई आली. तिच्या लुगड्याचा काठ हिरवा निघाला. इतकी वर्षं मी तो लाल धरून चालले होते.

चौथ्या भागात ती खाटेवर दिसली आणि माझी नजर आपोआप पंख्याकडे गेली. पंखा चालू होता. टीव्ही चालू होता. मी सासूबाईंना म्हटलं, "हे मी पाहिलेलं नाही." डॉक्टरीण मोठ्या डॉक्टरांना सांगत होती, डाव्या छातीत गाठ आहे, फार उशिरा आणलं. आणि इकडं खाटेवर तिची मुलगी वर यायला हट्ट करत होती. नवऱ्यानं मुलीला डाव्या बाजूनं तिच्याकडे दिलं. ती बाई वळली, आणि तिनं मुलीला उजव्या खांद्यावर घेतलं.

मला ते किती वेळ दिसत राहिलं, सांगता येत नाही. टीव्हीवर पुढं काहीतरी चालू होतं. सासूबाईंनी ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "तुन्ही मायनी आठवन उनी का?" मी विचारलं, "माझ्या आईची का यावी?" तेव्हा त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "तुले कोन्ही सांगंच नही का व, पोरी? आम्हले ते तुन्हा भाऊनी तवयच सांगेल व्हतं."

म्हणजे आईला तीच गाठ होती, हे भावाला माहीत, वहिनीला माहीत. सासू-सासऱ्यांना माहीत, तुझ्या बाबांना माहीत. संध्याकाळी त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं नंतर तरी तुला सांगितलं असेल." शेजारणीला माहीत होतं, तिचा टीव्ही वहिनीच जाऊन हळू करायला सांगायची. तेल लावणाऱ्या बाईलाही माहीत असणार. आख्ख्या गल्लीत एक मीच बाजेवर बसून लाईटची चेष्टा करत होते.

मी उरलेले भागही पाहिले, बरं का. एकही सोडला नाही. जे जे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे माझ्यापासून काढून घेतले होते, ते सगळे पाहिले. पेढे कुठंच नव्हते. नवव्या भागात ती खाट रिकामी होती आणि ती चिडकी सिस्टर स्वतः चादर बदलत होती.

शेवटचा भाग झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला आजीजवळ ठेवून मी सकाळची जळगावची बस पकडली. भाऊ जिनिंगमध्ये गेलेला होता. वहिनी पोळ्या लाटत होती. मी पाट ओढून समोर बसले आणि म्हटलं, "वहिनी, त्या बाईच्या नवऱ्यानं पेढे वाटलेच नाहीत हो." तिला आधी कळलं नाही. मग कळलं. लाटणं पोळीवर तसंच राहिलं. म्हणाली, "मी एकटीच आजवर रोज त्या पेढ्यांचा विचार करत आले, ताई. तुम्ही इतक्या खूश झाल्या होत्या."

भाऊ दुपारी आला, केसांत कापूस. मी विचारलं, "भाऊ, आपला फेज कोणता होता रे?"

त्यानं चप्पल काढली. माठातलं पाणी घेतलं, प्यायला, आणि तिथंच ओट्यावर बोर्डाखाली बसला. मी दारात उभी.

"आईनं गळ्याची शपथ घातली होती," तो म्हणाला. "तुला सातवा लागत होता. तू यायच्या आधी पंधरा दिवस कळलं आम्हाला. ती म्हणाली, पोर हसस ते हसू द्या."

"आणि मी बाळंत झाल्यावर?"

"तेव्हा ओली बाळंतीण होतीस."

"सव्वा महिन्यानं?"

"अंगावर पिती पोर होती. आई म्हणाली, दूध आटंल. म्हणून तर तुला लवकर धाडलं. तुझ्यासमोर तिला कण्हता येत नव्हतं."

"आणि ती गेल्यावर? तेव्हा कुणाची शपथ होती?"

तो केसांतला कापूस वेचत राहिला. शेवटी म्हणाला, "मग कसं सांगायचं तेच सुचलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली. पण तुला सांगितलं असतं, तर तू काय करणार होतीस? मुंबईला नेऊनही उपयोग नव्हता, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं."

मी म्हटलं, "पाय दाबू दिले नसते."

तो रडायला लागला. मी रडले नाही. वहिनीनं ताट वाढलं, मी जेवले नाही. संध्याकाळच्या बसनं परत आले. तुला वाटेल, आई किती कठोर. पण तू माझ्या जागी बसून बघ. त्यांनी सगळ्यांनी मिळून मला चार महिने सुखात ठेवलं, आणि त्या सुखात मी माझ्या आईला नको ते बोलले. ते बोलणं परत घ्यायची एक संधी त्यांच्या हातात होती, त्यांनी ती मला दिली नाही. आईनंही दिली नाही. भावावर राग धरता येतो, तो समोर आहे. आईवर कुठं धरायचा. ती फ्यूज काढायला लावायची आणि मग मलाच सुपानं वारा घालायची, एका हातानं, उजव्या.

भाऊबीजेला मी गेले. ओवाळलं. पुढंही दरवर्षी ओवाळलं, माणूस सोडता थोडाच येतो. पण अजून त्याच्या घरी लाईट गेली, की मी आधी शेजाऱ्यांच्या घराकडे बघते. त्यालाही ते दिसतं.

आता तुझं. तेव्हा मी पोटुशी म्हणून सांगितलं नाही. मग ओली बाळंतीण म्हणून नाही. मग लेकुरवाळी म्हणून नाही. आता म्हातारी झाले म्हणून तू सांगत नाहीस. मधल्या कुठल्या वर्षी मी खरं ऐकण्याच्या लायकीची होते, ते मला एकदा कळू दे. तुझं ऑपरेशन कुठल्या बाजूचं झालं हेसुद्धा मला माहीत नाही. परवा जावईबापूंना विचारलं, तर ते म्हणाले, "आई, नेटवर्क जातंय." मी ऐकून घेतलं. फेजऐवजी आता नेटवर्क, एवढंच.

मी काही कोसळणार नाही, पोरी. कोसळायचं ते एकदा होऊन गेलं आहे. माझ्यापुढं बस, कुठं दुखतं ते बोटानं दाखव, डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांग. वाईट असेल तर वाईट सांग. मी तुझे पाय दाबीन. माझ्या हातात आता जोर राहिलेला नाही, तेही तू तोंडावर सांगितलंस तरी चालेल, फक्त मला माहीत असू दे की कुणाचे पाय दाबतेय.

वांगी चांगली आली आहेत सध्या, भरीत करून ठेवते. येत्या रविवारीच ये. दवाखान्याचे सगळे कागद घेऊन ये, एकही घरी ठेवू नको.